कँपस हुकलं, फेक एक्सपिरियन्स लावू का, पहिला आयटी जॉब कसा शोधू – सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: बार्शीकडचा मुलगा, २०२४ ला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग पास, कँपसला धड कंपन्याच आल्या नाहीत, वर्ष उलटून गेलं तरी घरून अप्लाय करणं चालूच आहे. पुण्यातला एक क्लासवाला ६० हजार मागतोय आणि वर "दोन वर्षांचा एक्सपिरियन्स लावून देतो" म्हणतोय. इंग्लिश कच्चं आहे, जे दोन इंटरव्ह्यू मिळाले त्यात तू ब्लँक झालास. मी पुण्यात बॅकएंडवर (सॉफ्टवेअरच्या आतल्या, सर्व्हरच्या बाजूवर) काम करते आणि बरीच वर्षं फ्रेशर्सचे टेक्निकल राउंड घेतेय, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते. उत्तर लांब होणार आहे, निवांत वाच.

आधी फेक एक्सपिरियन्सचं, कारण तिथे तुला लगेच निर्णय घ्यायचाय. नको करूस. खरंखोटं वगैरे बाजूला ठेवू, नुसता व्यवहार बघ. जॉइन होताना कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन बाहेरच्या एजन्सीला देते, ते लोक यूएएन नंबरवरून (प्रत्येक नोकरदाराचा पीएफचा कायमचा नंबर) पीएफची सर्व्हिस हिस्टरी बघतात आणि त्यात तू कुठे, कधीपासून कधीपर्यंत होतास ते तारखेसकट येतं. क्लासवाल्यांनी आता त्यावरही तोड काढलीय, कागदावरच्या एखाद्या कंपनीतून पीएफ भरून दाखवतात, पण मोठ्या कंपन्यांकडे अशा संशयित कंपन्यांच्या याद्या असतात आणि नाव त्यात निघालं की ऑफर गेली, किंवा जॉइन होऊन सहा महिने झाले असले तरी बाहेर. २०२२ च्या शेवटी ॲक्सेंचरने भारतात अशी बोगस एक्सपिरियन्स लेटर्स लावलेली माणसं काढली होती आणि ते कंपनीने स्वतः जाहीर केलं होतं. दुसरं, जे क्लासवाला कधीच सांगणार नाही: दोन वर्षांचा म्हणून बसलास की प्रश्नही दोन वर्षांच्या माणसाचे येतात. प्रॉडक्शनला शेवटचा इश्यू कुठला आला होता, लॉग कुठे बघितलेस, रिलीजच्या दिवशी काय काय करायचात, कोड रिव्ह्यूत तुझ्या सिनिअरने काय बदलायला लावलं. ही उत्तरं पाठ करून येणारी पोरं पाच मिनिटांत कळतात, आणि मला त्यांचं खरंच वाईट वाटतं, कारण त्यातली बरीचशी फ्रेशर म्हणून आली असती तर मी त्यांना पुढच्या राउंडला पाठवलं असतं.

आता तू लिहिलंयस की "माझ्यातच काहीतरी कमी आहे". थोडी कमी असेलही, त्यावर पुढे बोलू, पण बाजार कसा होता तेही बघ. २०२१-२२ मध्ये एकट्या टीसीएसची माणसं लाखाहून जास्त वाढली होती, तेव्हा ज्याला लॉजिक बरं जमतं त्याला घेत होते. त्यानंतर २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून मनुष्यसंख्या ६० हजारांपेक्षा जास्त कमी झाली. तुझी बॅच बरोब्बर त्यात सापडली. तुझ्या दोन वर्षं पुढच्या भावाला जे सहज मिळालं ते तुला मिळालं नाही याचं कारण तू कमी हुशार आहेस हे नाही, हे घरच्यांनाही सांग, कारण घरात ती तुलना चालू असते आणि त्याने माणूस आतून खचतो.

क्लासचं म्हणशील तर सगळे क्लास वाईट नसतात. काहींना ठरलेली वेळ, सोबत शिकणारी मुलं आणि विचारायला एक माणूस लागतो, त्यांना उपयोग होतो. पण "१०० टक्के प्लेसमेंट गॅरंटी" लिहिलेल्या बोर्डवर विश्वास ठेवू नकोस. पैसे भरायच्या आधी मागच्या बॅचच्या चार-पाच मुलांना लिंक्डइनवर स्वतः शोधून विचार, क्लासने दिलेल्या नंबरवर फोन करून नाही. डेमो लेक्चरला बस आणि बघ की शिकवणारा समोर कोड टाइप करतोय की नुसती स्लाइड वाचतोय. आणि पैसे घालायचेच असतील तर माझं मत आधी सीडॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक (ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटिंगचा कोर्स, अलीकडे त्याचं नाव पीजीसीपी-एसी झालंय) बघ. सहा महिन्यांचा कोर्स आहे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पिळून काढतात, फी लाखाच्या आसपास जाते, पण त्याला सी-कॅट नावाची एंट्रन्स आहे, आणि एंट्रन्स असल्यामुळे आत येणारी बॅच बरी असते, म्हणून कंपन्याही येतात. वर्षातून दोनदा ॲडमिशन होतात. पीजी-डॅकसाठी ए आणि बी असे दोन सेक्शन लागतात, ए म्हणजे इंग्लिश, क्वांट (गणित), रीझनिंग आणि बी म्हणजे सी, डेटा स्ट्रक्चर्स, ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम), नेटवर्किंग, ओओपी (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग). बरोबरला ३ मार्क, चुकलं तर १ कापतात. पुण्यात सेंटर मिळेल एवढी रँक यायला दोन-तीन महिने मन लावून अभ्यास लागतो. तोच अभ्यास मास हायरिंगच्या परीक्षांना, म्हणजे टीसीएस एनक्यूटी वगैरेला पण चालतो, त्यामुळे रँक नाही आली तरी मेहनत वाया जात नाही.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, प्रोजेक्ट. तुझ्या रेझ्युमेवर "लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम" आणि "फेस रेकग्निशन अटेंडन्स" आहे असं तू लिहिलंयस. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या रेझ्युमेवर हेच असतं, आणि सगळ्यांना माहितीय की ते फायनल इयरला ग्रुपमध्ये एकाने केलं किंवा विकत आणलं. मी इंटरव्ह्यूत पहिलं हेच विचारते की यातला कुठला भाग तू स्वतः लिहिलास. बहुतेक जण "लॉगिन मॉड्यूल" म्हणतात. मग संभाषण साधारण असं जातं:

"पासवर्ड डेटाबेसमध्ये कसा ठेवलाय?"

"व्हारकार कॉलममध्ये, मॅम."

"म्हणजे मी टेबल उघडून सिलेक्ट मारलं तर सगळ्यांचे पासवर्ड मला दिसतील?"

इथे दहातले आठ जण गप्प होतात किंवा "ते आमच्या ग्रुपमधल्या दुसऱ्याने केलं होतं" म्हणतात. पण एकदा एक मुलगा थांबला, विचार केला आणि म्हणाला, मॅम, दिसायला नको खरं तर, मग पासवर्डचं असं काहीतरी रूपांतर करून ठेवायला पाहिजे की ज्यावरून उलटं मूळ पासवर्डवर येता येणार नाही, आणि लॉगिनच्या वेळी टाकलेल्या पासवर्डचंही तसंच रूपांतर करून दोन्ही जुळवायचं. मी विचारलं, दोघांचा पासवर्ड सेम असेल तर? तो म्हणाला, रूपांतर पण सेम येईल, एकाचा कळला की दुसऱ्याचा पण कळला, मग प्रत्येकासाठी त्यात काहीतरी वेगळं मिसळावं लागेल. अशा रूपांतराला हॅशिंग आणि त्यात मिसळायच्या गोष्टीला सॉल्ट म्हणतात, हे शब्द त्याला माहीत नव्हते. हेच काम करणाऱ्या बीक्रिप्टचं नाव त्याने ऐकलेलं नव्हतं. मी त्याला सिलेक्ट केलं, कारण शब्द एका दिवसात शिकवता येतात, असा विचार करायला शिकवायला मात्र वर्षं जातात.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: दहा टेक्नॉलॉजींची नावं लिहिण्यापेक्षा एक प्रोजेक्ट घे, आणि त्याच्या इतकं तळाला जा की कुणीही तीनदा "असं का" विचारलं तरी तुझ्याकडे उत्तर असेल. विषय यूट्यूबवरचा नको, आजूबाजूचा घे. तुमच्याकडे गावात दूध संकलन केंद्र असेलच. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध आणतात, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) मोजतात, दरपत्रकातून दर निघतो, दहा दिवसांनी बिल होतं, त्यातून पशुखाद्याची उधारी आणि उचल कापून घेतात. ऐकायला साधं वाटतं पण हेच स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) मध्ये बांधायला बस, म्हणजे खरे प्रश्न आपोआप समोर येतील. दरपत्रक दहा दिवसांच्या मध्येच बदललं तर काय? टेबलमधला दर नुसता अपडेट केलास तर उद्या कुणी जुनं बिल परत काढलं की आकडा वेगळा येणार आणि केंद्रावर भांडण होणार. मग दराला "कधीपासून लागू" अशी तारीख हवी आणि प्रत्येक एंट्रीसोबत त्या दिवशी लागलेला दर पण सेव्ह करायला हवा. पैसे डबलमध्ये (जावाच्या दशांश आकड्यांच्या साध्या प्रकारात) ठेवलेस तर? डबलमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, हे जावामध्ये प्रिंट करून स्वतः बघ, मग बिगडेसिमल (दशांश नेमका ठेवणारा प्रकार) का वापरायचा किंवा रक्कम रुपयांऐवजी पैशांमध्ये पूर्णांक म्हणून का ठेवायची हे तुला कधी पाठ करावं लागणार नाही. नेट गेलं आणि ऑपरेटरने सेव्ह दोनदा दाबलं तर एकाच दुधाच्या दोन एंट्र्या. मग सभासद, तारीख आणि सकाळ-संध्याकाळ यावर युनिक कन्स्ट्रेंट (तीच एंट्री परत होऊ न देणारा नियम) लावशील, आणि मग केंद्रावरचा माणूस सांगेल की काही जण गाईचं आणि म्हशीचं दोन्ही आणतात, म्हणजे दुधाचा प्रकार पण त्यात घ्यायला लागतो. ही शेवटची गोष्ट कुठल्याही ट्युटोरियलमध्ये नाही, ती केंद्रावर जाऊन उभं राहिल्यावरच कळते, आणि इंटरव्ह्यूत हे सांगशील तेव्हा समोरचा पेन खाली ठेवून ऐकेल.

याला तीन महिने लागतील, लागू दे. कोड गिटहबवर (कोड आणि त्यातल्या प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे कमिट, ठेवणारी वेबसाइट) पहिल्या दिवसापासून टाक. शेवटच्या दिवशी सगळं एकदम "इनिशियल कमिट" म्हणून टाकलेलं दिसलं की आम्हाला अंदाज येतो, उलट रोजचे छोटे छोटे कमिट, मध्ये "दर चुकत होता, दुरुस्त केला" असा एखादा, हे बघून माणूस खरोखर काम करत होता हे कळतं. रीडमीमध्ये (प्रोजेक्टची माहिती देणारी फाइल) चालवायचं कसं ते, दोन स्क्रीनशॉट, आणि काय अजून झालेलं नाही ते लिही. चॅटजीपीटी, कोपायलट वापरायचं का? वापर, आम्ही पण ऑफिसात वापरतो. फक्त जी ओळ तुला समजावून सांगता येत नाही ती ओळ प्रोजेक्टमध्ये ठेवू नकोस. आणि ऑनलाइन इंटरव्ह्यू चालू असताना दुसऱ्या स्क्रीनवरून उत्तर वाचणं सोडून दे, प्रश्न संपल्यावरची ती ठराविक शांतता, नजर एकाच बाजूला आणि मग एकदम पुस्तकी उत्तर, हे लगेच कळतं. मी अशा वेळी उत्तरातलाच एक शब्द धरून पुढचा प्रश्न विचारते, तिथे सगळं थांबतं.

बाकीची तयारी तुला यूट्यूबवर ढिगाने मिळेल, म्हणून मी फक्त जिथे पोरं घसरतात ते सांगते. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. दुसरा सर्वात जास्त पगार काढा, हा प्रश्न सगळे पाठ करून येतात, उतरत्या क्रमाने लावून लिमिट-ऑफसेट. मग मी विचारते की सर्वात जास्त पगार दोघांना सारखाच असेल तर तुझं उत्तर बरोबर येईल का, आणि तिथे समजतं कोणी स्वतः टेबल बनवून करून बघितलंय. डिस्टिंक्ट किंवा डेन्स रँक का लागतं ते करून बघ. जॉइन, ग्रुप बाय, हॅविंग आणि व्हेअर यांतला फरक, इंडेक्सने काय होतं, एवढं हातात पक्कं बसलं पाहिजे. जावामध्ये इक्वल्स ओव्हरराइड केलं आणि हॅशकोड नाही केलं तर हॅशमॅपमध्ये टाकलेली वस्तू परत का सापडत नाही, हे दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून बघ. डीएसएचं (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) म्हणशील तर सर्व्हिस कंपन्या आणि मध्यम कंपन्यांना ॲरे, स्ट्रिंग, मॅप, स्टॅक, लिंक्ड लिस्ट, थोडं रिकर्शन एवढं पुरतं, पाचशे प्रश्न सोडवायची शर्यत लावू नकोस.

ब्लँक होण्यावर. ब्लँक होतं कारण तू थेट शेवटचं उत्तर शोधायला जातोस. समज विचारलं की स्ट्रिंगमधलं पहिलं रिपीट न होणारं कॅरेक्टर शोध. लगेच परफेक्ट उत्तर नको. आधी तोंडाने सांग की प्रश्न मला असा समजला, कॅपिटल आणि स्मॉल वेगळे धरायचे का, सगळेच रिपीट होत असतील तर काय परत करू. मग सांग की सरळ पद्धत म्हणजे प्रत्येक अक्षर घेऊन बाकी सगळ्यांशी जुळवणं, दोन लूप, मोठ्या स्ट्रिंगला हळू पडेल. हे बोलता बोलताच सुचतं की एकदा फिरून प्रत्येकाची संख्या मोजून ठेवली आणि दुसऱ्यांदा सुरुवातीपासून फिरून ज्याची संख्या १ आहे ते पहिलं उचललं की झालं. नाही सुचलं तरी समोरच्याला दिसतं की गाडी योग्य रस्त्यावर आहे, तो हिंट देतो. गप्प बसलेल्या मुलाला हिंट द्यायची तर नक्की कुठली द्यायची हेच आम्हाला कळत नाही.

इंग्लिशची तू फार धास्ती घेतलीयस. पुण्यात टेक्निकल राउंड घेणारे आम्ही बरेच जण मराठी किंवा सेमी इंग्लिशमधूनच आलोय, तुझं व्याकरण आम्ही तपासत नाही, आम्हाला फक्त तुझं म्हणणं समजलं पाहिजे. छोटी वाक्यं बोल. तीन गोष्टींची मात्र इंग्लिशमध्ये तयारी कर: स्वतःबद्दल एक मिनिट, प्रोजेक्टबद्दल तीन मिनिटं, आणि पास झाल्यापासून काय करतोयस याचं सरळ उत्तर. फोनवर रेकॉर्ड कर, ऐक, परत कर, पण शब्दन् शब्द पाठ करू नकोस, मुद्दे लक्षात ठेव. गॅपबद्दल लाजायचं काही नाही, "कँपस झालं नाही, घरून तयारी करत होतो, या काळात हे बांधलं" एवढं पुरे, घरची कारणं, मार्केट खराब आहे वगैरे लांबण लावू नकोस. प्रश्न समजला नाही तर सरळ परत विचार. अर्धवट समजलेल्या प्रश्नाला लांबलचक उत्तर दिलं की दोघांचाही वेळ जातो.

आता अप्लाय कुठे आणि कसं. तू नौकरीवर रोज शंभर ठिकाणी क्लिक करतोस म्हणालास, त्यातून फार काही निघत नाही. प्रोफाइल तिथे ठेव, दोन-चार दिवसांनी काहीतरी अपडेट करत राहा, पण जास्त जोर पन्नास ते दोनशे माणसांच्या कंपन्यांवर दे. बाणेर, खराडी, वाकड, मगरपट्टा इथे अशा कंपन्या भरपूर आहेत ज्यांची नावं कुणाला माहीत नसतात, त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर करिअर पेज असतं, तिथे अर्ज कमी येतात आणि माणूस खरंच वाचतो. मोठ्या कंपन्यांच्या ड्राइव्हला वायओपी (पास झाल्याचं वर्ष) आणि "थ्रूआउट ६०" (दहावीपासून सगळीकडे ६० टक्के) ची अट आधी बघ, बसत नसेल तर त्यात जीव गुंतवू नकोस. रेफरलसाठी लिंक्डइनवर अनोळखी माणसाला "सर प्लीज रेफर, जॉबची खूप गरज आहे" असे मेसेज सगळे पाठवतात. माझ्याकडेही येतात, आणि मनात असूनही मी काही करू शकत नाही, कारण कुठल्या पोझिशनला हेच त्यात नसतं. त्याऐवजी चार ओळी: तुमच्या कंपनीत अमुक जॉब आयडीची ओपनिंग आहे, मी २०२४ पासआउट, जावा-स्प्रिंग बूटमध्ये दूध संकलनाचं सॉफ्टवेअर बांधलंय, ही लिंक, हा रेझ्युमे, योग्य वाटलं तर रेफर कराल का. तुझ्या कॉलेजचे सिनिअर आधी शोध, एकाच कॉलेजचा म्हटल्यावर माणूस दोन मिनिटं जास्त देतो.

रेझ्युमे एक पान. फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, छंद, खालचं डिक्लेरेशन, सगळं काढ. प्रोजेक्ट वर घे, शिक्षण खाली. स्किल्समध्ये जे लिहिशील त्यावर प्रश्न येणारच, डॉकर एकदाच चालवून बघितलं असेल तर लिहू नकोस.

डेव्हलपमेंटच हवं का, टेस्टिंग किंवा सपोर्ट घेऊ का, हेही विचारलंस. माझं मत, ज्या सपोर्टच्या कामात एसक्यूएल, लिनक्स आणि लॉग वाचणं आहे तो घे, तिथे चालू सिस्टिम आतून दिसते आणि वर्ष-दीड वर्षात हातपाय मारून डेव्हलपमेंटला जाता येतं. ऑटोमेशन टेस्टिंग तर स्वतःच एक चांगलं करिअर आहे. पण नाव "टेक्निकल सपोर्ट" आणि काम दिवसभर फोन उचलायचं, असा व्हॉइस प्रोसेस असेल तर घरची अगदी निकड असल्याशिवाय घेऊ नकोस, तिथून बाहेर पडणं अवघड जातं. इंटरव्ह्यूतच विचार, माझा रोजचा दिवस कसा असेल, कुठली टूल्स वापरायची.

शेवटी पैशाचं. ऑफर लेटरसाठी, ट्रेनिंगसाठी, लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी कुणी पैसे मागितले तर तो जॉब नाही, मग ईमेलवर कितीही मोठ्या कंपनीचा लोगो असू दे. ईमेल कंपनीच्या डोमेनवरून आलाय की जीमेलवरून ते बघ, आणि शंका आली तर कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरला फोन कर. खरी ऑफर आली की सीटीसी (कंपनी तुझ्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च) आणि हातात येणारी रक्कम वेगळी धर. ३.३६ लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला २८ हजार असा हिशोब घरी सांगू नकोस, त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, कधी इन्शुरन्स आणि व्हेरिएबल (कामगिरीवर कमी-जास्त मिळणारा भाग) पण धरलेलं असतं, मग तुझा पीएफ कापला जातो, प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. वाकड-हिंजवडीला कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन) राहणं आणि मेस धरून खर्च आधी मांडून बघ, एचआरला सॅलरीचा ब्रेकअप लेखी माग, मागितल्याने ऑफर जात नाही. बाँड (ठराविक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर किती महिन्यांचा, सोडल्यास किती रक्कम, आणि कंपनीने तुला काढलं तरी ती रक्कम लागू होते का, हे तिन्ही सही करायच्या आधी वाच. आणि ओरिजिनल मार्कशीट्स जमा करून घेतो म्हणाले तर देऊ नकोस, ओरिजिनल फक्त दाखवायची आणि झेरॉक्स द्यायची.